हाक आली म्हणजे झालं का?

आजची वाचनं (सामान्यकाळ, पहिला आठवडा, बुधवार): 1 शमुवेल 3:1-10, 19-20, स्तोत्र 40, मार्क 1:29-39



आजचं पहिलं वाचन आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असतं. शिलोच्या मंदिरात झोपलेला लहानगा शमुवेल, रात्री आलेली हाक आणि दर वेळी उठून म्हाताऱ्या एलीकडे त्याचं धावत जाणं. धर्मशिक्षणाच्या वर्गात याचं नाटक होतंच होतं. मी एकदा एली झालो होतो, कापसाची दाढी लावून. काम सोपं होतं. पोरगा आला की त्याला परत झोपायला पाठवायचं, दोनदा. तिसऱ्यांदा आला की मग खरं काय ते सांगायचं.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय. देव मला सेमिनरीत बोलावतोय असं वाटतं, पण ती देवाची हाक आहे की माझंच मन बोलतंय, हे ओळखायचं कसं? मी प्रत्येकाला 'प्रार्थना कर, फादरांशी बोल' असं सांगून मोकळा झालो. उत्तर चूक नाही, पण मी टाळत होतो. कारण तोच प्रश्न दीड वर्षापासून माझ्याच घरात बसलाय. आणि आजची दोन्ही वाचनं अशी शेजारी-शेजारी आल्यावर आता टाळणं बरं दिसत नाही.

मी लग्न झालेला माणूस. वय 36, सहा वर्षांची मुलगी, ठाण्यात भाड्याचं घर, नोकरी सॉफ्टवेअरची. म्हणजे माझा प्रश्न याजकपदाचा नाही, डीकनपदाचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दीक्षित सेवेच्या तीन पायऱ्या: बिशप, याजक, डीकन. आपल्या लॅटिन परंपरेत कित्येक शतकं डीकन म्हणजे फादर होण्याआधीची एक पायरी, एवढंच उरलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली 'लुमेन जेंतियुम' या दस्तऐवजात कायमस्वरूपी डीकनपदाची वाट पुन्हा उघडली, 1967 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचे नियम दिले आणि विवाहित पुरुषांनाही ती वाट खुली झाली. मुंबई महाधर्मप्रांतात असे विवाहित डीकन आहेत. त्यांनाही घरसंसार आहे, मुलांच्या फीची काळजी आहे, आणि रविवारी ते वेदीजवळ उभे राहून शुभवर्तमान वाचतात. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, अंत्यविधी करू शकतो, प्रवचन देऊ शकतो. मिस्सा अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकणं मात्र याजकाचंच.

माझ्या डोक्यात हे आलं ते लोणंदमध्ये. पप्पा रेल्वेत होते. मूळचे नगर जिल्ह्यातले, दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणारे. बदली होऊन लोणंदला आले आणि तिथेच राहिले. आमच्या आळीत कॅथलिक घर एकच, आमचं. पप्पा गेले त्या दिवशी फादर लांबून यायचे होते, त्यांना पोचायला दुपार झाली असती. अंगणात सगळी आळी बसलेली. कांद्याच्या अडतीवरचे लोक, स्टेशनवरचे जुने सहकारी, शेजारच्या मावशी, मशिदीजवळचे चाचा. कोणीतरी म्हणालं, तुमच्यात काय म्हणतात ते म्हण की बाबा. मी पप्पांचंच जुनं बायबल काढलं, वाचलं, प्रार्थना केली. अर्धा-पाऊण तास. आवाज कापत होता, पण त्या वेळात मला जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं. दुःख होतंच. पण त्याच्याखाली अगदी स्थिर असं काहीतरी होतं. मी या जागी असायला हवं, असं.

हाक म्हणायची तर ही. मी ती तशीच घेतली आणि ठाण्याला परत आल्यावर आठवडाभरात सगळी माहिती काढली. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार! वयाची अट पाहिली: विवाहित असेल तर किमान 35. तयारीचा काळ पाहिला: तीन वर्षं. आणि चर्चच्या कायद्याच्या नियम 1031 मध्ये वयाच्या अटीला लागूनच एक अट आहे, ती वाचली. पत्नीची संमती.

मी ती अट कशी वाचली हे प्रामाणिकपणे सांगतो. कर्जाच्या अर्जात सहअर्जदाराची सही लागते ना, तशी वाचली.

त्याच रात्री बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, नाईट ड्युटी करून आलेली, डबा धुवत होती. मी पप्पांच्या अंगणातला प्रसंग सांगितला, डोळ्यांत पाणी आणून सांगितला, आणि शेवटी म्हणालो, मला वाटतं देव मला बोलावतोय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नळ बंद केला आणि म्हणाली, "तू मला विचारतोयस का सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग देवाचं नाव आधी कशाला घेतलंस? आता मी नाही म्हटलं तर मी तुला नाही म्हणत नाही, देवाला नाही म्हणते. आणि मी कुठली बाई झाले मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

पण याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नियम वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली होती. दीक्षा झाल्यानंतर डीकनची पत्नी वारली तर त्याला साधारणपणे पुन्हा लग्न करता येत नाही. सूट मिळू शकते, पण ती फक्त रोमकडून. हे मी तिला सांगितलं नाही. खोटं नाही बोललो, फक्त राहून गेलं. असं मी स्वतःला सांगत होतो. तीन आठवड्यांनी तिने ते स्वतः शोधून वाचलं आणि विचारलं, "हे तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे उद्या मी गेले तर आपल्या पोरीला तू एकटा वाढवणार. हे तू माझ्या वाट्याचं ठरवून टाकलंस, आणि मला बोलायचंसुद्धा सुचलं नाही तुला." त्या रात्री माझी हाक मला फार लहान वाटली.

इथे मला लोणंदचीच दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. आषाढात नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तिथून पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. आमच्या लहानपणी मुक्कामाच्या दिवसांत आमच्या अंगणातही वारकरी उतरायचे. येशूचा फोटो दारावर, आणि खाली पखवाज ठेवलेला. आई पिठलं-भाकरी करून दमायची, पण एक वर्षही चुकवलं नाही. मतमाउली काय आणि माउली काय, दोघींच्या लेकरांना भूक सारखीच लागते, असं ती म्हणायची. (हे वाक्य फादरांसमोर मात्र म्हणायची नाही.)

त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला ज्ञानेश्वरांच्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. तुम्हाला ती शाळेतून माहीत असेल. आपेगावचे विठ्ठलपंत, बायको आळंदीची रुक्मिणी. विठ्ठलपंतांना वैराग्याची ओढ, ते काशीला गेले, आणि मागे बायको आहे ही गोष्ट न सांगता संन्यास घेतला. पुढे गुरू यात्रेला निघाले असता आळंदीत रुक्मिणीने त्यांना नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि तिच्याकडून सगळा उलगडा झाला. गुरूने शिष्याला घरी परत पाठवलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आणि मग समाजाने त्या घराचे केलेले हाल, ते तर आपल्याला वाचवत नाहीत.

बाबा तंबाखू मळत म्हणाले होते, "गुरूनं परत धाडलं म्हणून माउली जलमली. नायतर ही पालखी कुठली, आन् तुझ्या दारात आमी कुठले?"

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. गोष्ट आवडली आणि विसरलो. बायकोने 'हे तुला माहीत होतं?' असं विचारलं त्या रात्री ती परत आठवली. विठ्ठलपंतांनी गुरूपासून बायको लपवली. मी बायकोपासून अट लपवली. त्यांची ओढ खोटी होती असं मला वाटत नाही. इतक्या खऱ्या ओढीच्या माणसाच्या पोटीच अशी मुलं येतात. पण खऱ्या ओढीलाही एका ठिकाणी गप्प बसावंसं वाटलं, आणि ती जागा नेमकी तीच होती, जिथे दुसऱ्याला किंमत मोजायची होती. माझंही तेच झालं. दीड वर्ष डोकं खाजवून हाक ओळखण्याची जी एक खूण मला सापडली आहे ती एवढीच: जिला किंवा ज्याला त्या हाकेची किंमत मोजावी लागणार आहे, त्या माणसाला सगळं सांगून झाल्यावर ती हाक अजून ऐकू येते का? अर्धं सांगून जी टिकते ती इच्छा असू शकते. चांगली इच्छा असेल, पवित्रसुद्धा असेल, पण अजून हाक नाही.

बायकोने मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं वाचायला. सहज दिलं असं म्हणाली, पण आमच्या घरात सहज काही होत नाही. रेव्हरंड टिळकांचा अखेरचा काळ आमच्या साताऱ्याशी जोडलेला. 1917 साली मिशनचं काम सोडून ते तिकडे गेले. ते कॅथलिक नव्हते, आणि धर्मांतर म्हणजे दीक्षा नव्हे, हे मला कळतं. पण 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. पुढची काही वर्षं ती बाई माहेरच्या माणसांत काय सोसत राहिली ते तिने स्वतः लिहून ठेवलंय, आणि वर हसवतसुद्धा राहते. 1900 साली ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाली. टिळकांची हाक खरी होती यात मला तिळमात्र शंका नाही. तरीही ते पुस्तक मिटल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, की हाक खरी असणं एवढं पुरतं का?

आता आजचं शुभवर्तमान बघा. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू शिमोन आणि अंद्रियाला सरोवराकाठी बोलावतो, ते जाळी टाकून निघतात. आपली सगळी पाचारणाची प्रवचनं इथे थांबतात. पण मार्क थांबत नाही. काही ओळींनंतर, आजच्या वाचनात, येशू कुठे जातो? शिमोनाच्या घरी. ज्या घरातला कर्ता पुरुष त्याने नुकताच उचललाय, त्याच घरी. तिथे शिमोनाची सासू तापाने पडली आहे. सासू आहे म्हणजे बायको आहे, किंवा होती. ती त्या वेळी काय म्हणाली हे कोणी लिहून ठेवलं नाही. पुढे पौल करिंथकरांना लिहिताना ओघात सांगून जातो की केफा, म्हणजे आपला पेत्र, प्रवासात पत्नीला बरोबर नेत असे. तेवढंच. पण येशू त्या घराला ओलांडून पुढे गेला नाही. आत गेला, त्या बाईचा हात धरून तिला उठवलं. आणि उठल्यावर ती त्यांची सेवा करू लागली. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, त्याच मुळातून 'डीकन' हा शब्द आलाय. मी डीकन होण्याचा अर्ज मनात धरून बसलेला, आणि मार्क मला दाखवतोय की ते काम त्या घरात आधी कोणी केलं.

हे मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तापातून उठून लगेच स्वयंपाक! त्यात तुला देव दिसतो, मला ड्युटी दिसते." तिचंही खरंच आहे.

बायबलमध्ये मला आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ते सात जण निवडले जातात, ज्यांच्यात आपण डीकनपदाची सुरुवात बघतो. तंटा कशावरून होता? विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, यावरून. आणि प्रेषितांनी तिथे 'कोणाला हाक ऐकू येते?' असं विचारलं नाही. लोकांना सांगितलं, तुम्ही तुमच्यातून माणसं निवडा. स्तेफनाने अर्ज केला होता असं कुठेही नाही. इब्री लोकांस पत्रातही हाच सूर आहे: हा मान कोणी आपण होऊन घेत नाही. आजही दीक्षाविधीत बिशप आधी विचारतात, हा माणूस योग्य आहे हे तुम्हाला माहीत आहे का? आणि उमेदवाराला पुढे करणारा उत्तर देतो ते लोकांमध्ये चौकशी करून. उमेदवाराला स्वतःला कसं वाटतं, हा प्रश्न त्या जागी येतच नाही. मला पूर्वी हे कोरडं वाटायचं, ऑफिसमधल्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसारखं. आता वाटतं, यात किती दया आहे. माझ्या एकट्याच्या कानावर सगळं सोडलेलं नाही.

आमच्या कामात 'ऑन-कॉल' नावाचा प्रकार असतो. आठवडाभर फोन उशाशी, रात्री तीनला वाजला तरी उठायचं. नवा माणूस पहिल्या वेळी अलार्म वाजला की धडाधड सगळं बदलायला लागतो. जुने लोक काय सांगतात? आधी बघ, दुसरीकडेही तेच दिसतंय का. एकच घंटा वाजतेय आणि बाकी सगळं शांत, तर घंटाच बिघडलेली असू शकते. आणि एकट्याने निर्णय घेऊ नकोस, दुसऱ्याला उठव. मला यात एली दिसतो. शमुवेलाने हाक ऐकली, पण ती कोणाची हे त्याला कळलं नाही. कळलं एलीला, ज्याला धड दिसतही नव्हतं. आणि त्यालाही तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपांना पोराला परत पाठवलं म्हणून देव रागावला नाही. तो पुन्हा आला.

पाठवणं पुष्कळदा कायमचंही असतं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचंच घ्या. जेझुइटांबरोबर जपानात वर्षानुवर्षं काम केलं, संघात घ्या म्हणून वाट पाहिली, पण प्रवेश मिळाला नाही. शेवटी व्यापार केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन झाले, तेही बंधू म्हणून. याजक ते कधीच झाले नाहीत. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 साली त्यांना संत घोषित केलं गेलं. ज्या दारावर ते थांबले होते ते उघडलं नाही, याला मी आता अपयश म्हणू शकत नाही. देवाची चूक झाली होती असंही नाही.

मग तुम्ही विचाराल, आणि एकाने विचारलंच, की बायकोने, आईने किंवा बिशपांनी नाही म्हटलं तर देवाची हाक अडते का? प्रभू तर घरदार सोडायला सांगतो, आईबापांपेक्षाही त्याच्यावर जास्त प्रेम करा म्हणतो. हा प्रश्न मला झोपू देत नाही, म्हणून घाईने उत्तर देत नाही. दोन गोष्टी एवढ्या दिसतात. जब्दीचे मुलगे बापाला होडीत सोडून गेले, पण मार्क मुद्दाम सांगतो की बापाबरोबर मजूर होते. म्हातारा एकटा नव्हता. आणि दुसरं, माझं लग्न हेही संस्कारच आहे. मी वेदीसमोर उभं राहून दिलेला शब्द आहे तो. दुसरी हाक पहिला शब्द मोडून आली तर ती त्याच देवाची कशी मानायची? अविवाहित मित्रांनो, तुमचं गणित वेगळं आहे, माझं तुमच्यावर लादू नका. तुमच्या आईचं रडणं म्हणजे चर्चच्या कायद्याने मागितलेली संमती नव्हे. तरी तिच्याशी पूर्ण बोला. पुन्हा घरी किती येता येईल, म्हातारपणी कोण बघणार, तुमच्या बहिणीवर काय पडणार, हे सगळं. ते बोलणं टाळायला 'देवाची इच्छा' हा शब्द वापरू नका. मी वापरून पाहिलाय, म्हणून सांगतो.

पण एक कबुली द्यायची राहिली. त्या नियमावरून भांडण झालं त्या रात्री ती म्हणाली, "आत्ता तरी माझं उत्तर नाही आहे." आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. शनिवार-रविवारचे वर्ग नकोत, अभ्यास नको, लोकांसमोर उभं राहून आपल्या आयुष्याची झडती नको. वर पुन्हा म्हणायला मोकळा, की मी तयार होतो, हिनेच अडवलं. चार-पाच दिवस मी या आरामात काढले. मग कळलं, की आधी मी देवाच्या नावामागे लपत होतो, आता तिच्या नकारामागे लपतोय. दोन्ही वेळा तिला एकटीला पुढे केलं होतं. हे मी तिला सांगितलं. त्यावर ती पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून आम्ही याच्यावर नीट बोलू शकतो. महिन्यातून एकदा आमचे पॅरिश प्रीस्टही बसतात बरोबर, आणि ते माझ्यापेक्षा तिला जास्त बोलू देतात.

आजच्या वाचनात एक जागा गाळलेली आहे, तुमच्या लक्षात आली का? दहाव्या ओवीवरून थेट एकोणिसावी. मधल्या ओव्या जरूर उघडा. देव शमुवेलाला एवढं तीनदा उठवून जे सांगतो ते एलीच्या घराबद्दल आहे. त्याची मुलं वाईट मार्गाला लागली आणि त्याने त्यांना आवरलं नाही, याबद्दल. आयुष्यभर मंदिरात सेवा केलेला माणूस, आणि घर हातातून गेलेलं. सकाळी एली पोराला म्हणतो, काय सांगितलंय ते लपवू नकोस माझ्यापासून. पोरगा सगळं सांगतो. आणि म्हातारा ते ऐकून घेतो. दुसऱ्याची हाक ओळखणाऱ्याला तिची अशीही किंमत मोजावी लागते. बायकोबरोबर हे वाचताना मी त्या ओव्यांवर फार वेळ थांबलो.

आज आमची परिस्थिती अशी: अर्ज भरलेला नाही. फाडलेलाही नाही. ती म्हणते, मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत तरी नको, तेव्हा पुन्हा विचार, आणि त्या वेळी आधी मला विचार, मग देवाचं नाव घे. मी हो म्हणालोय. मधल्या काळात आमच्या पॅरिशमध्ये कोणाकडे मयत झाली आणि फादर यायला वेळ असला, तर मी जाऊन बसतो आणि प्रार्थना म्हणतो. त्याला दीक्षा लागत नाही. दोनदा तीही आली बरोबर. त्या घरातल्या बायकांशी काय बोलायचं ते तिला माझ्यापेक्षा बरं कळतं.

रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. लोणंदला थंडी आहे, अंगणातली जाई वाळलीय, वगैरे. मी तिला हे सगळं सांगितलं, अगदी पहिल्यांदाच, आणि म्हणालो, निर्णय चार वर्षं पुढे ढकललाय. ती सगळं ऐकून म्हणाली, "चार वर्षांनी मी 72 ची होईन. तुमच्या त्या नियमात माझी सही लागत नसेल, पण मला कोणी विचारलं का अजून?"

शनिवारी कोयनेने लोणंदला जातोय, तिघंही.

उद्याची वाचनं: 1 शमुवेल 4:1-11, मार्क 1:40-45